होसूर

सकाळची पहिली वाळू मी अजून हातानंच बघते.
ओलावा टक्क्यांत दाखवणारं मशीन आहे,
पण आधी मूठभर उचलायची, आवळायची,
मग उघडायची मूठ.
बोटांचे चार खळगे उमटले, कडा धरून राहिल्या,
मोडल्यावर दोनच तुकडे झाले
की मिक्सरवरनं शिवलिंगप्पा ओरडतो, "हां री, मॅडम?"
आणि मी मान हलवते.
उद्यमबागेत चौदा वर्षं
मला ह्या मान हलवण्याचा पगार मिळतो.

पगार बरा आहे.
बिनसाखरेचा चहा न सांगता येतो.
खुर्चीवरची उशी मी शिवलेली, तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही.
तेजूच्या शाळेत गॅदरिंग असलं की धामणेकर साहेब
घड्याळाकडं न बघता म्हणतात, "जावा की."
एकदा पाणी जास्त झालं, माझीच चूक,
पंपाच्या चाळीस बॉड्या भोकाभोकांच्या निघाल्या.
बराच वेळ ते एकीवरनं अंगठा फिरवत राहिले.
"वितळवूया परत," म्हणाले.
अशा माणसासमोर कसं उभं राहायचं?

होसूरहून मेल आलाय.
पगार दुप्पट, वर थोडा.
काचेची प्रयोगशाळा, हाताखाली सहा जण.
शुक्रवारपर्यंत कळवा.

आईला सांगायला वडगावला गेले.
ती मिरच्यांचे देठ खुडत होती.
"होसूर? मग बरंच की गे.
बसवाण गल्लीतनं चालत जाशील,
दुपारी जेवायला इकडंच ये."
हे नव्हे आई, दुसरं होसूर.
तमिळनाडूतलं. बेंगळूरच्याही पलीकडं.
एक मिरची तिच्या हातात तशीच राहिली.
"नावं तरी वेगळी ठेवायची," म्हणाली.

होस ऊरु. नवं गाव.
आमचं नवं गाव किती जुनं झालंय,
शहापूरला चिकटून, मागांच्या खटखटीत.
कधीतरी कुणीतरी तिथं पहिली चूल मांडली असेल
आणि मागचं सोडून आल्याचं
नावातच लिहून ठेवलं असेल.
मागच्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही.

भुजंग म्हणतो, तू ठरव.
तू ठरव म्हणणारा माणूस अर्धं ठरवून बसलेला असतो.
कुठलं अर्धं, तेवढं सांगत नाही.
तेजू विचारते, तिथल्या पाट्या कशा असतात?
इथं अर्धी पाटी डांबरानं पुसलेली,
उरलेल्या अर्धीवर ती वाचायला शिकली.
तिसरी लिपी म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.
माझे नाही चमकले.

आमच्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत.
"येते" म्हणतात.
शिवलिंगप्पाच्यातही तसंच: होगि बर्तेन्री,
जाऊन येतो.
बाकी कशा कशावरनं मोर्चे निघाले ह्या गावात,
ह्या एका शब्दावर दोन्ही भाषांचं एकमत.
राजीनाम्याचा नमुना मात्र इंग्रजीत आहे.
त्यात "येते" कुठल्या ओळीत बसवायचं
ते रात्री दीडपर्यंत शोधत होते.

आमची वाळू नवी नसते.
साचा फोडला की तीच परत मिक्सरला जाते.
दर खेपेला थोडी जळते,
थोडी नवी घालावी लागते.
किती घालायची ह्याचा तक्ता भिंतीवर आहे,
माझ्याच अक्षरात,
कोपरे तेलकट झालेला.
काल त्याची मी एक नक्कल काढली.
कशाला, ते स्वतःलाही विचारलं नाही.

आज गुरुवार.
मिक्सर थांबला, वाळू खाली आली.
मी हात मागं घेतले.
"शिवलिंगप्पा, आज तुम्ही बघा."
त्यानं हात पँटला पुसले,
वाळूसाठी हात पुसतंय कोण,
मूठ भरली, आवळली, उघडली.
खळगे तीनच.
चौथं बोट दोन हजार अकरात ह्याच मिक्सरनं नेलं.
कडा धरून होत्या.
मोडली तर दोन तुकडे.

"हां री?" तो म्हणाला, ह्या वेळी हळू,
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

मी मान हलवली नाही.
तुम्हीच सांगा, म्हटलं.